इशाऱ्यांची खतावणी

(बेगम बाजार, हैदराबाद येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. बोलण्याची धाटणी छापतानाही तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय छापून आल्यावर संयोजकांना फोन आले म्हणे. संतवाङ्मयावर बोलणारे वक्ते संपले का? निजामाच्या काळातल्या मराठी शाळांवर बोलणारं कोणी उरलं नाही का? सर्व्हरच्या नोंदवहीतले इशारे हा काय व्याख्यानाचा विषय झाला? आक्षेप रास्त आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की, ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते गृहस्थ उभी हयात इथल्या एका पेढीवर मुनीम होते. अभंग ते म्हणायचे ते रात्री. दिवसभर कीर्द लिहायचे. आज मी त्यांच्या दिवसाबद्दल बोलणार आहे.

हा बाजार निजामाच्या पत्नी हुमदा बेगमांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसला असं आपण सांगत आलो. तेव्हापासून इथे भांडी, सुकामेवा, मसाले, किराणा आणि त्या सगळ्याचा हिशेब, हे अखंड चालू आहे. फीलखान्यापासून उस्मानगंजापर्यंत चालत गेलात तर लाल बासनातल्या वह्या आता पूजेपुरत्या दिसतील. हिशेब गेला कॉम्प्युटरमध्ये. मोठ्या दुकानाच्या माळ्यावर, कधी जिन्याखाली, कधी देवघराच्या शेजारी एक सर्व्हर गुरगुरत असतो. त्यावर टॅली, त्यावरच बिलांच्या फायली, त्यावरच सगळ्यांचे पासवर्ड. आणि तो सांभाळणारा मुलगा? तो दुकानात नसतो. अमीरपेठेत शिकलेला, आता माधापूरला किंवा पुण्याला किंवा आणखी कुठे बसलेला. त्याच्या खोलीतून तो तुमच्या जिन्याखालच्या यंत्राशी बोलतो.

तो बोलतो कसा? त्यासाठी विन्डोजमध्ये एक सेवा आहे. नाव 'विन्डोज रिमोट मॅनेजमेंट', कामातले लोक म्हणतात 'विनआरएम'. ज्या कंपनीने ती बनवली तिचं भारतातलं विकास केंद्र १९९८ पासून आपल्याच शहरात आहे, हे जाता जाता. एकमेकांपासून दूर असलेल्या यंत्रांनी कोणत्या भाषेत बोलावं याचा एक करार मायक्रोसॉफ्ट, इंटेल, डेल, एएमडी आणि सन या कंपन्यांनी २००४ मध्ये मांडला. त्या कराराची विन्डोजमधली अंमलबजावणी म्हणजे विनआरएम. सर्व्हर २००३ च्या आर-टू आवृत्तीत ती हवी तर घ्या अशी होती. २००९ मध्ये पॉवरशेल या आदेश देण्याच्या साधनाची दुसरी आवृत्ती आली, दूरवरून आदेश द्यायला ती विनआरएमच वापरू लागली, आणि विनआरएमचं महत्त्व वाढलं. सर्व्हर २०१२ पासून ती मुळातच चालू अवस्थेत येते. म्हणजे तुम्ही मागितलं नाही तरी दार बसवलेलं आहे. साधा दरवाजा ५९८५ क्रमांकाचा, प्रमाणपत्राच्या कुलपाचा ५९८६ क्रमांकाचा.

आता या सेवेची एक खोड आहे. ती बोलकी आहे. सुरू होताना, बंद होताना, काही अडलं की ती सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट लॉगमध्ये, पिवळा त्रिकोण काढून इशारा लिहिते. आणि या बाजारातल्या सर्व्हरांवर हा पिवळा त्रिकोण मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की, त्याच्याबद्दल एकदा नीट बोलावं असं वाटलं.

पहिली गोष्ट: इव्हेंट लॉग ही कीर्द आहे. एवढीच उपमा मी आज वापरणार आहे, पण ती शेवटपर्यंत वापरणार आहे. कीर्द म्हणजे काय? जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं. सकाळी हळदीचं पोतं, मग हमालाची मजुरी, मग नांदेडच्या व्यापाऱ्याची उधारी, मग चहा. एकामागे एक. कीर्द वाचून कोणाला काही कळतं का? नांदेडवाल्याकडे किती येणं आहे ते कळतं का? नाही कळत. त्यासाठी खतावणी करावी लागते. प्रत्येक नोंद तिच्या तिच्या खात्यात उचलून न्यावी लागते. मुनीम संध्याकाळी दिवा लावून बसायचे ते यासाठी.

सर्व्हर कीर्द लिहितो. अचूक लिहितो, सेकंदाच्या हिशेबाने लिहितो. खतावणी मात्र करत नाही. ती माणसाने करायची असते, आणि ती कोणीच करत नाही, हे माझं आजचं गाऱ्हाणं आहे. लॉग उघडला, वरून खाली सरकवला, पिवळं-लाल दिसलं, कपाळाला आठ्या घातल्या, बंद केला. याला वाचन म्हणत नाहीत. नोंदी क्रमांकाप्रमाणे आणि लिहिणाऱ्याप्रमाणे गटात लावा. हे काम यंत्र एका क्लिकवर करून देतं. मग लक्षात येतं की शेकडो ओळी म्हणजे चार-पाच खाती आहेत. त्यांतली दोन खाती आज आपण उघडू.

एक खातं क्रमांक १०१४९ चं. ही नोंद म्हणते की, विनआरएम सेवा आता कोणाचं म्हणणं ऐकत नाही. ऐकून छातीत धस्स होतं. पण वेळ बघा. त्याच मिनिटाला सर्व्हर बंद होत होता का? मग सेवा ऐकणार कशी? महिन्याकाठी विन्डोजचे अपडेट बसतात, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि प्रत्येक वेळी ही ओळ उमटते. तिची जोडीदार आहे १०१४८, 'सेवा आता ऐकते आहे' असं सांगणारी. नाव्याच्या मागे जमा दिसली की खातं मिटलं. १०१४९ आली आणि तिच्या आगेमागे बंद-चालूच्या नोंदीच नाहीत, १०१४८ ही आली नाही, तर मात्र खरोखर काही बिघडलं आहे.

अशा वेळी काय बघायचं? ती नोंद स्वतःच सांगते: सेवा कोणत्या पत्त्यावर कान लावून बसली आहे याची यादी मागवा. त्यासाठीचा आदेश नोंदीतच लिहिलेला असतो. पण तो शेवटच्या ओळीत असतो आणि आपण पहिल्या ओळीत घाबरून थांबतो. यादी रिकामी आली तर पुष्कळदा दोष धोरणात सापडतो. डोमेनच्या, म्हणजे एका व्यवस्थापनाखाली जोडलेल्या यंत्रांच्या, ग्रुप पॉलिसीत 'विनआरएमने ऐकावं' असं कोणीतरी चालू केलेलं असतं, आणि कोणत्या पत्त्यांवर ऐकावं त्याचा रकाना कोरा सोडलेला असतो. कोरा म्हणजे सगळीकडे, असं आपल्याला वाटतं. सेवेच्या लेखी कोरा म्हणजे कुठेच नाही. सगळीकडे हवं असेल तर तिथे एक चांदणी टाकावी लागते. एवढ्या चांदणीपायी दोन दिवस फुकट घालवणारी माणसं मला माहीत आहेत.

आणि बेगम बाजारात आणखी एक कारण असतं, ते पुस्तकात नाही: वीज गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली होती. तेव्हा शेजारी ४१ क्रमांकाची नोंद सापडते, यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं असं सांगणारी. मग विनआरएमच्या मागे लागू नका. बॅटरी बदला.

दुसरं खातं खरं मजेचं आहे. क्रमांक १०१५४. यावर मी थोडा वेळ घेणार आहे, आणि दुकानदार मंडळींनी पाच मिनिटं सोसावं.

ही नोंद म्हणते: मला माझी दोन नावं लिहायची होती, लिहिता आली नाहीत. कारण क्रमांक ८३४४, अधिकार अपुरा. कोणती नावं? कुठे लिहायची? कोणी अडवलं?

जिथे बरीच यंत्रं एका डोमेनमध्ये असतात तिथे एक सामाईक निर्देशिका असते, ॲक्टिव्ह डिरेक्टरी. विन्डोज २००० पासून आहे. कोणत्या यंत्रावर कोणती सेवा चालते, तिला कोणत्या नावाने हाक मारायची, हे त्या निर्देशिकेत प्रत्येक खात्यापुढे लिहिलेलं असतं. या नावाला कामातले लोक 'एसपीएन' म्हणतात. ओळख पटवण्याची जी व्यवस्था आहे, कर्बेरॉस नावाची, ती या नावावरून तिकीट कापून देते. नाव नोंदलेलं नसेल तर तिकीट नाही. नाव दोघांच्या खात्यावर नोंदलेलं असेल तरी तिकीट नाही.

विनआरएम सेवा सुरू झाली की ती आपली दोन नावं त्या निर्देशिकेत लिहायला जाते, एक लांबलचक पूर्ण नाव आणि एक आखूड. आता ही सेवा काही मालकाच्या अधिकाराने चालत नाही. ती 'नेटवर्क सर्व्हिस' नावाच्या हलक्या अधिकाराच्या खात्याखाली चालते, आणि ते योग्यच आहे. साधा सर्व्हर असेल तर ही सेवा निर्देशिकेकडे नेटवर्कवरून जाते. बाहेर पडताना तिला त्या यंत्राची ओळख लाभते, आणि यंत्राला स्वतःच्या खात्यापुढे स्वतःचं नाव लिहिण्याची मुभा असते. काम होतं. इशारा येत नाही.

पण ज्या यंत्रावर ती निर्देशिकाच बसलेली आहे, म्हणजे डोमेन कंट्रोलर, तिथे काय होतं? सेवेला बाहेर जावंच लागत नाही. निर्देशिका त्याच यंत्रात आहे. त्यामुळे यंत्राची ओळख अंगावर चढत नाही. ती जाते 'नेटवर्क सर्व्हिस' म्हणूनच. निर्देशिका यादी बघते, यादीत हे नाव नाही. परत पाठवते. ८३४४.

आता सांगा, हा इशारा मोठ्या कंपन्यांपेक्षा बेगम बाजारात जास्त का दिसावा? कारण मोठ्या कंपनीत डोमेन कंट्रोलर वेगळा, फायलींचा सर्व्हर वेगळा, हिशेबाचा वेगळा. आपल्याकडे एकच यंत्र सगळं करतं. तेच निर्देशिका, तेच टॅली, तेच प्रिंटरचा धनी. दुकानात एकुलता एक सर्व्हर, तोच डोमेन कंट्रोलर. म्हणून पिवळा त्रिकोण नेमका त्याच्याच कपाळी. यात सर्व्हर विकणाऱ्याचा दोष नाही, मुलाचा दोष नाही, शेठजींच्या कंजूषपणाचा थोडासा आहे. (हशा) नाही, तोही खरं तर नाही. पाच माणसांच्या दुकानाला तीन सर्व्हर कशाला लागतात?

कधी याच नोंदीत ८३४४ ऐवजी १३५५ दिसतो. म्हणजे 'असं डोमेनच सापडत नाही'. हा वेगळा प्रकार आहे. यंत्र नुकतंच उठलंय, निर्देशिका अजून जागी झालेली नाही, आणि विनआरएम तिच्या आधी धावत गेली. थोड्या वेळाने ही सेवा पुन्हा सुरू करून बघा; सहसा मिटतं. नोंदीचा क्रमांक एक, पण पोटातला कारणाचा क्रमांक निराळा. म्हणून म्हणतो, पहिल्या ओळीवर थांबू नका.

उपाय काय? निर्देशिकेत त्या डोमेन कंट्रोलरचं खातं उघडायचं. एडीएसआय एडिट नावाचं साधन त्यासाठी आहे. तिथे सुरक्षेच्या पानावर 'नेटवर्क सर्व्हिस'ला जोडायचं आणि एकच मुभा द्यायची: स्वतःचं सेवा-नाव तपासून लिहिण्याची. एकच. बाकी एकही खूण करायची नाही. सेवा पुन्हा सुरू करायची. १०१५४ आली नाही, आणि सेटएसपीएन या आदेशाने यादी मागवल्यावर दोन्ही नावं दिसली, की झालं. दहा मिनिटांचं काम. ज्याला एवढंही करायचं नसेल त्याने सेटएसपीएन वापरून नावं हाताने लिहावीत, असं ती नोंद स्वतः सुचवते. फक्त हाताने लिहिताना 'एस' हा पर्याय वापरा, जुना 'ए' नको. 'एस' लिहिण्याआधी बघतो की हे नाव दुसऱ्या कोणाच्या खात्यावर तर नाही ना. 'ए' जुन्या आवृत्त्यांत बघत नसे.

पण लोक काय करतात? मी पाहिलेले इलाज सांगतो. कुणाची नावं घेत नाही.

एका ठिकाणी 'अधिकार अपुरा' वाचून त्या हलक्या खात्याला थेट डोमेनच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या गटात नेऊन बसवलं होतं. इशारा गेला. शेठजी खूश. आता त्या यंत्रावर जी जी सेवा या खात्याखाली चालते, तिच्या हाती अख्ख्या डोमेनच्या किल्ल्या. हमालाने गोदामाच्या दारावर नाव लिहायला खडू मागितला, आणि आपण त्याला तिजोरीची चावी दिली.

दुसऱ्या ठिकाणी सेवाच बंद करून टाकली. इशारा गेला, आणि दूर बसलेल्या मुलाचं कामही गेलं. मग तो दुसरं काहीतरी फुकटचं सॉफ्टवेअर बसवून आत यायला लागला, ज्याची कुठेच नोंद राहत नाही. हे बरं झालं का?

तिसऱ्या ठिकाणी तर कळस. लॉग पुसून टाकला. दर सोमवारी! पिवळं दिसायलाच नको. आता गंमत बघा, मंडळी. सिस्टिमचा लॉग पुसला की विन्डोज त्या कोऱ्या वहीत पहिली ओळ कोणती लिहितं? १०४: लॉग पुसला गेला, अमुक माणसाने पुसला. सुरक्षेचा लॉग पुसला तर ११०२. कीर्दीचं पान फाडलंत तर शिलाईत दोरा राहतो, हे मुनिमांना माहीत होतं. विन्डोज लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं. सर्व्हरमध्ये घुसणारे चोर जाताना हेच करतात. आणि दर सोमवारी आपणच ते करत असू, तर ज्या सोमवारी चोराने केलं असेल तो ओळखायचा कसा?

आता एक प्रश्न रास्तपणे येईल. १०१५४ ने अडतं काय? खरं सांगू? बहुतेक वेळा काहीच अडत नाही. दूरवरून पॉवरशेलने येणारा माणूस विनआरएमच्या त्या दोन नावांनी हाकच मारत नाही. तो एचटीटीपीच्या नावाने मारतो, आणि ते नाव यंत्राच्या मूळ नावात गृहीत धरलेलं असतं. म्हणजे इशारा वर्षानुवर्षं येतो आणि काम वर्षानुवर्षं चालतं. इथे आपण कोड्यात पडतो. निरुपद्रवी इशाऱ्यासाठी एवढी यातायात का?

याची दोन उत्तरं आहेत. पहिलं लहान आहे. अडेल त्या दिवशी लोक चुकीच्या माणसाला धरतात. एका दुकानात दूरवरून जोडणी अचानक बंद पडली. लॉगमध्ये १०१५४ समोर. सगळे त्याच्यावर तुटून पडले, कारण पकडायला तेवढाच समोर होता. खरा गुन्हेगार निराळा होता. कोणीतरी त्याच सर्व्हरवर बिलं दाखवणारं वेबपान बसवलं होतं, त्यासाठी एक वेगळं खातं केलं होतं, आणि सर्व्हरचं एचटीटीपीचं नाव त्या खात्याच्या नावे लिहून टाकलं होतं. तिकीट निघायचं ते त्या खात्याचं, आणि विनआरएमला ते उघडता येत नव्हतं. सेटएसपीएनला 'हे नाव कोणाकडे आहे' एवढं विचारलं असतं तर एका ओळीत उत्तर होतं. १०१५४ आधीच मिटवलेली असती तर नजर तिकडे गेलीच नसती.

दुसरं उत्तर मोठं आहे, आणि त्यासाठी मला आपल्याच शहरातल्या एका घटनेकडे जावं लागेल.

ए. पी. महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँक. उस्मानगंजातल्या कचेरीतून वाढलेली बँक. या सभागृहात तिचे खातेदार बसलेले असतील. जानेवारी २०२२ मध्ये तिच्या सर्व्हरमध्ये शिरून १२ कोटी ४८ लाख रुपये वळवले गेले. दोन महिन्यांनी हैदराबाद पोलिसांनी तपासाची हकिगत जाहीर केली. ती मी पुनःपुन्हा वाचली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये बँकेच्या कर्मचाऱ्यांना दोनशेहून जास्त फसव्या ई-मेल आल्या. दोघांनी त्या उघडल्या. त्यातून दूरवरून ताबा घेणारा प्रोग्राम आत बसला. मग कळफलकावर काय टंकलं जातं ते टिपणारा प्रोग्राम. मग व्यवस्थापकाचे अधिकार. मग बँकेतल्याच काही खात्यांच्या मर्यादा वाढवून त्यांत पैसा ओतला, तिथून ११५ खात्यांत, तिथून ३९८ खात्यांत, आणि देशभरातल्या ९३८ एटीएममधून रोकड बाहेर. सर्वोच्च अधिकार असलेली दहा खाती होती आणि त्यांतल्या काहींचे पासवर्ड एकसारखे होते. मुख्य कचेरी आणि शाखा यांच्या नेटवर्कमध्ये भिंत नव्हती. पुढे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ६५ लाखांचा दंड केला.

नोव्हेंबर ते जानेवारी. मधे दोन महिने आहेत, मंडळी! पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये घाला पडला, ९४ कोटींचा. तो बाहेर दिसला शनिवार आणि सोमवार अशा दोन दिवसांत. पण असले घाले त्या दोन दिवसांत शिजत नाहीत. परका माणूस सर्व्हरमध्ये वावरतो तेव्हा तो प्रवेश करतो, प्रोग्राम चालवतो, अधिकार वाढवतो. यातलं प्रत्येक पाऊल विन्डोज लिहून ठेवू शकतं, लिहिण्याची सोय चालू ठेवली असेल तर. महेश बँकेत वापरलेलं हत्यार विनआरएम नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. पण विनआरएम हाही चोरांचा ओळखीचा रस्ता आहे. हल्ल्यांच्या पद्धतींची 'मायटर' या संस्थेची जी यादी जगभर वापरतात, तिच्यात त्याला स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे या. विनआरएमच्या रस्त्याने कोणी आत शिरलं तर लॉगमध्ये काय उमटतं? पिवळा त्रिकोण? लाल फुली? नाही. विनआरएमची स्वतःची एक वेगळी वही आहे, 'ऑपरेशनल' नावाची, खोल पोटात दडवलेली. तिच्यात ९१ क्रमांकाची ओळ येते: बाहेरच्या कोणासाठी तरी सर्व्हरवर एक शेल उघडला. सुरक्षेच्या वहीत ४६२४ येते: अमुक खात्याने नेटवर्कवरून प्रवेश केला, प्रकार ३. चालू प्रोग्रामांच्या यादीत 'डब्ल्यूएसएमप्रॉव्हहोस्ट' दिसतो. आणि त्या ९१ पुढे चिन्ह कोणतं? माहितीचं. निळा गोल. काही बिघडलेलं नाही, सगळं सुरळीत झालं, असं सांगणारं. खरंच आहे की! यंत्राच्या दृष्टीने दार उघडायचं होतं, दार उघडलं. चावी चोराची होती हे यंत्राला कुठून कळणार?

म्हणजे बघा: जिने काहीच अडत नाही ती नोंद पिवळी आणि रोजची. जिने घर बुडतं ती नोंद निळी आणि मुकाट. रंग हे सांगतात की सेवेचं काम झालं की नाही. तुमचं नुकसान झालं की नाही, हे रंग सांगत नाहीत. ते फक्त वाचणाऱ्याला कळतं. रोज तोच पिवळा त्रिकोण बघून बघून वाचणाऱ्याने वही उघडणंच सोडलेलं असेल, तर रात्री अडीच वाजताची ९१ कोण बघणार? दुकान नऊला बंद होतं. सांभाळणारा मुलगा बाराला झोपतो. अडीचला कोण आलं होतं?

म्हणून मिटवा असं म्हणतो. १०१५४ मुळे धोका आहे म्हणून नव्हे. तिच्यामुळे नजर मरते म्हणून.

आणि जी नोंद लगेच मिटत नाही तिचं काय? इथे मुनिमांकडे उत्तर होतं. पैसे आले, कोणाचे ते कळेना, तर काय करायचे ते? उचंत खात्यात टाकायचे. नोंद टाळायची नाही, खोट्या खात्यात ढकलायची नाही. उचंत खातं काढून तिथे ठेवायची. आणि दिवाळीच्या आत ते खातं रिकामं झालंच पाहिजे, असा पेढीचा दंडक असायचा. तुमच्या सर्व्हरसाठी एक साधी वही घ्या. अमुक क्रमांकाचा इशारा अमुक तारखेपासून येतो, कारण अमुक, तूर्त चालवून घेतो, बघणारा अमुक, पुन्हा बघायची तारीख अमुक. पाच रकाने. ती वही नवीन मुलाच्या हाती दिलीत तर आधीचा मुलगा दोन वर्षांत काय शिकला ते त्याला अर्ध्या तासात मिळेल. आज ते मिळत नाही. मुलगा नोकरी बदलतो आणि दुकानाच्या सर्व्हरची सगळी आठवण त्याच्याबरोबर गचीबावलीला जाते.

दोन गोष्टी घाईने सांगतो, कारण घड्याळ बघितलं.

घड्याळाचीच पहिली. कर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळेचा फरक सहन करत नाही. सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं की ओळखच पटत नाही, आणि विनआरएम नाहक बदनाम होते. शिवाय लॉग आतल्या आत जागतिक वेळेत लिहिला जातो आणि दाखवताना आपल्या साडेपाच तासांनी पुढे करून दाखवतो. दुसऱ्या देशात बसलेल्या कोणी फाईल पाठवली तर वेळ त्यांच्या घड्याळाची आहे की आपल्या, हे आधी विचारा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यांत घड्याळ राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं आहे, ते उगीच नाही.

त्याच निर्देशांत दुसरी गोष्ट आहे: लॉग १८० दिवस जपून ठेवा, आणि घाला पडल्याचं कळलं की सहा तासांत कळवा. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांनी हे जरूर वाचावं. आणि आता तुमच्या सर्व्हरवर सिस्टिमच्या वहीचा आकार बघा. विन्डोज जसं येतं तसंच ठेवलं असेल तर २० एमबी. भरली की जुनी पानं आपोआप पुसली जातात. ती 'ऑपरेशनल' वही तर साधारण एकाच एमबीची. गजबजलेल्या सर्व्हरवर ती काही दिवसांत उलटते. दोन महिन्यांपूर्वी कोण आलं होतं असं पोलिसांनी विचारलं तर दाखवणार काय? आकार वाढवा, आणि रोजची प्रत दुसऱ्या यंत्रावर न्या. चोराला पहिलं यंत्र पुसता येतं; दुसऱ्याचा पासवर्ड वेगळा असेल तर ते पुसता येत नाही.

भाषणाआधी एक चिठ्ठी माझ्या हाती आली आहे. अक्षर तरुण दिसतं. विचारलं आहे: "आमचा सपोर्टवाला म्हणतो, राउटरवर ५९८५ बाहेरून उघडून द्या, म्हणजे त्याला घरून काम करता येईल. द्यावं का?"

नाही. तो दरवाजा इंटरनेटच्या रस्त्यावर उघडायचा नाही, ५९८५ ही नाही आणि ५९८६ ही नाही. आधी व्हीपीएन, त्यात दुहेरी ओळख, आणि मग आतून विनआरएम. तेही त्याच्या एकट्याच्या नावाच्या खात्याने, दुकानाच्या सामाईक 'ॲडमिन'ने नव्हे. सेवेच्या पत्त्यांच्या रकान्यात चांदणी टाकायच्या ऐवजी नेमके आतले पत्ते लिहा. त्याने कुरकुर केली तर त्याला माझा नंबर द्या. आणि उद्या सकाळी त्याच्याकडून एवढं करवून घ्या: 'ऑपरेशनल' वहीतल्या गेल्या आठवड्याच्या ९१ क्रमांकाच्या सगळ्या ओळी काढायच्या, आणि प्रत्येकीपुढे त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, हा मी होतो. जिच्यापुढे लिहिता येणार नाही, ती ओळ घेऊन माझ्याकडे या.

अध्यक्ष खूण करताहेत. प्रश्नांसाठी मी थांबलो आहे.